"काही नाही गं, बाळाला केस येताहेत"

गरोदरपणात सातव्या महिन्यात छातीत जळजळ सुरू झाली की घरातली वडीलधारी बाई हमखास म्हणते, "काही नाही गं, बाळाला केस येताहेत." इथे बसलेल्या बऱ्याच जणींनी हे ऐकलं असेल. मी माझ्या आईकडूनच ऐकलं. आज या एका वाक्याबद्दलच बोलते.

हे वाक्य फार जुनं आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, शारीरस्थान नावाच्या भागात, गर्भिणीने कोणत्या महिन्यात काय घ्यावं ते सांगितलंय. त्यात सातव्या महिन्यापाशी येतं: गर्भाचे केस उगवताना आईला दाह होतो, असं 'स्त्रियो भाषन्ते', म्हणजे बायका म्हणतात. आणि लगेच, 'तन्नेति भगवानात्रेयः'. तसं नव्हे, गर्भाच्या दाबाने वात-पित्त-कफ हे दोष छातीकडे जातात, म्हणून जळजळ, असं ग्रंथातले गुरू आत्रेय म्हणतात. मला या ओळीचं फार अप्रूप वाटतं. खोडून काढण्यासाठी का होईना, बायकांचं बोलणं ग्रंथात नोंदलं गेलं!

आता 2006 साल. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 64 गर्भवतींना जळजळीबद्दल विचारलं आणि जन्मानंतर बाळांचे केस तपासले. समजूत खोटी ठरेल अशीच त्यांची अपेक्षा होती. पण बरीच जळजळ झालेल्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सरासरीइतके किंवा जास्त केस होते. अजिबात जळजळ न झालेल्या 12 जणींपैकी 10 बाळांचे केस कमी होते, किंवा नव्हतेच. गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोन्समुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते, आणि तीच हार्मोन्स बाळाच्या केसांवरही परिणाम करत असावीत, असा त्यांचा अंदाज. म्हणजे केसांमुळे जळजळ होत नाही. दोन्हींचं मूळ एक असू शकतं. चौसष्ट जणींवरून नियम काढता येत नाही, हेही खरं. पण बायकांनी पाहिलेलं अगदीच वाया गेलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

मात्र "केस येताहेत" म्हणून सगळंच सोसू नका. बरगडीखाली दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तळहात-तळपायांना रात्री झोप न लागण्याइतकी खाज सुटली तर यकृताची तपासणी करून घ्या.

आता खाण्याचं. जावळ दाट यावं म्हणून ओलं खोबरं, रंग उजळावा म्हणून केशराचं दूध. खोबरं खा, चांगलंच आहे. पण केसांची मुळं पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत तयार झालेली असतात, आणि केस कसे येणार ते मुख्यतः आईवडिलांकडून आलेलं असतं. मागे एक सात महिन्यांची गरोदर पोर माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. पिशवीत सासूबाईंनी प्रेमाने दिलेली केशराची डबी, आणि तिच्याखाली लोहाच्या गोळ्यांची न फोडलेली तीन पाकिटं. का नाही घेतल्या? "बाळ काळं होतं म्हणतात." त्या डबीच्या पैशात कितीतरी दिवसांची पालेभाजी, मटकी, अंडी आली असती! 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आशाताई देतात त्या गोळ्यांनी बाळ काळं होत नाही, शौचाचा रंग तेवढा काळा होतो. गोळी चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम.

जळजळीसाठी थोडं थोडं खा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, उशी उंच घ्या.

आणि आज्जींनो, बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी बाळाचे केस गळले तर सुनेच्या खाण्याला बोल लावू नका. ते पहिले केस गळतातच. जावळ काढल्याने केस दाट होत नाहीत, पण हौसेने जरूर काढा, मामाच्या मांडीवर बसवून काढा. फक्त पातं नवं लावायला सांगा, आणि टाळू जपा.