स्टोनरची नळी आणि पिस्टनचा दांडा

(दृश्य: ॲरिझोनाच्या वाळवंटातली शूटिंग रेंज. टेबलावर दोन उघडलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली.)

बाहेरून पाहिलं तर दोघी सारख्याच. काडतूस एकच, ५.५६ मिलिमीटरचं. मॅगझीन एकीचं काढून दुसरीला लावता येतं. फरक आहे तो हँडगार्डच्या, म्हणजे बॅरलभोवतीच्या आवरणाच्या, आत. डावीकडच्या, म्हणजे यूजीन स्टोनर या अमेरिकी रचनाकाराच्या, रायफलीत बॅरलच्या वर, पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी एक पोलादी नळी दिसते. उजवीकडे त्याच जागी दांडा आहे आणि त्याच्या पुढच्या टोकाला पिस्टन.

नळीवाले आणि पिस्टनवाले यांचं भांडण साठ वर्षं जुनं. नळीच्या वाट्याला ज्या शिव्या आल्या, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्याच कुणाच्या होत्या, असं आमचं मत आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

(दृश्य: स्लो मोशन. गोळी झाडली जाते, बोल्ट मागे येतो, पुंगळी उडते.)

हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून इथे वेग कमी केला आहे. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, गॅस तयार होतो आणि गोळी बॅरलमधून पुढे सुटते. वाटेत बॅरलला वरच्या बाजूने एक बारीक छिद्र आहे. गोळी त्याच्यापुढे सरकली की थोडा गॅस त्या छिद्रातून वर चढतो. रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, घोडा पुन्हा चढवायचा, नवीन काडतूस चेंबरमध्ये सरकवायचं, या सगळ्या कामाला लागणारी ताकद त्या चोरलेल्या गॅसची. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढायचा.

इथपर्यंत दोन्ही रायफली एकच. पुढे गॅसचं काय करायचं, यावर वाटा फुटतात.

(दृश्य: एके रायफलीचं उभं कापलेलं मॉडेल.)

सर्वांत रांगडा मार्ग हा. कलाश्निकोव्हच्या रायफलीत पिस्टन आणि बोल्ट कॅरिअर (चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला वाहून नेणारा भाग) एकमेकांना पक्के जोडलेले असतात. गॅसने पिस्टनला ढकललं की सगळं धूड एकत्र मागे जातं आणि एकत्रच पुढे येतं. याला लाँग स्ट्रोक म्हणतात. अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारलेली गॅरंडही याच कुळातली. वस्तुमान जास्त, त्यामुळे वाळू, चिखल, गोठलेलं तेल यांना रेटून पुढे जायची ताकद जास्त. पण प्रत्येक गोळीला एवढं लोखंड पुढे-मागे आपटणार, तर त्याचा झटका खांद्याला आणि नेमाला बसणारच.

शॉर्ट स्ट्रोकमध्ये पिस्टन वेगळा असतो. कॅरमचा स्ट्रायकर जसा सोंगटीला धडकून जागीच थबकतो आणि सोंगटी निघून जाते, तसा हा पिस्टन कॅरिअरला जोरात टोला देतो आणि थांबतो. उरलेला प्रवास कॅरिअर एकट्याने करतो. बेल्जियमची एफएएल या प्रकारची. महाराष्ट्रात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण जी लांबलचक एसएलआर पाहत आलो, ती याच एफएएलची ईशापूरला बनलेली भारतीय आवृत्ती. तिला गॅस कमी-जास्त करायची सोय आहे. रायफल कचऱ्याने जड झाली तर जवान जास्त गॅस सोडू शकतो.

(दृश्य: डावीकडची रायफल. बोल्ट कॅरिअर हातात घेऊन फिरवून दाखवला जातो. कॅमेरा अगदी जवळ.)

आणि आता ही. पिस्टनचा दांडा काढून टाका आणि गॅस थेट मागे आणा, ही कल्पना स्टोनरच्याही आधीची. स्वीडनच्या १९४२ च्या यंगमान रायफलीत आणि फ्रेंचांच्या मास-४९ मध्ये गॅस नळीतून येऊन सरळ कॅरिअरच्या तोंडावर आदळत असे. मास-४९ फ्रेंच सैन्याने इंडोचायनाच्या दलदलीत आणि अल्जीरियाच्या वाळूत वापरली, आणि ती भरवशाची म्हणूनच ओळखली जाते. नळी म्हणजे अडकणारच, असं म्हणणाऱ्यांनी ही रायफल एकदा बघावी.

यूजीन स्टोनरने मात्र याच्या पुढची चाल केली. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन कोअरमध्ये विमानांवरच्या शस्त्रांचं काम करत होता. नंतर तो आर्मालाइटमध्ये आला. ही कंपनी फेअरचाइल्ड या विमान बनवणाऱ्या उद्योगाची शाखा. तिथे ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक हे रोजचे पदार्थ होते आणि वजन हा शत्रू. रायफलीतून एक दांडा, एक पिस्टन आणि त्याची स्प्रिंग वगळता आली तर विमानवाल्याला आनंद होणारच.

कॅरिअरच्या आत पाहा. नळीतून आलेला गॅस या वरच्या किल्लीसारख्या तुकड्यातून खाली, कॅरिअरच्या पोटात शिरतो. तिथे बोल्टच्या शेपटीवर या तीन बारीक कड्या आहेत. त्यांच्यामुळे गॅस पुढे निसटत नाही. म्हणजे कॅरिअर झाला सिलिंडर आणि बोल्ट स्वतःच झाला पिस्टन. गॅस फुगतो, बोल्टला पुढे दाबतो आणि कॅरिअरला मागे ढकलतो. बोल्ट पुढे दाबला गेल्यामुळे त्याच्या दात्यांवरचा भार हलका होतो आणि तो अलगद फिरून सुटतो. १९५६ साली केलेल्या पेटंटच्या अर्जात स्टोनरने हे स्पष्ट सांगितलं होतं की आपली रचना गॅस आपटवणारी नाही, गॅस प्रसरण पावू देणारी आहे. तरीही लोक आजतागायत तिला डायरेक्ट इम्पिंजमेंट, म्हणजे गॅस थेट आपटवणारीच म्हणतात. असो.

(दृश्य: पुन्हा स्लो मोशन. कॅरिअरच्या उजव्या बाजूच्या दोन छिद्रांतून धुराचा फवारा.)

काम झालेला गॅस या दोन छिद्रांतून बाहेर पडतो. आमच्या कॅमेऱ्याने टिपलेल्यांत हे सर्वांत सुंदर दृश्य.

बॅरल, बोल्ट, कॅरिअर, मागची स्प्रिंग, सगळं एका सरळ रेषेत. वर-खाली ओढणारा वेगळा दांडा नाही. म्हणून बॅरलचं तोंड फारसं उचलत नाही आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ लागते. त्या वेळच्या अमेरिकी एम-१४ रायफलीचं वजन रिकामी असताना चार किलोच्या वर, तर स्टोनरची रायफल तीन किलोच्या आसपास.

(दृश्य: व्हिएतनाम युद्धाची जुनी छायाचित्रं.)

मग व्हिएतनाम. रायफल आता कोल्ट कंपनीकडे होती आणि तिचं नाव होतं एम-१६. तिची रचना ज्या दारूवर बेतलेली होती, ती दारूच सैन्याने बदलली. नवी गोल कणांची दारू काजळी जास्त सोडायची आणि गॅसच्या छिद्राशी दाबही जास्त द्यायची. त्यामुळे रायफल ठरल्यापेक्षा जोरात धडधडू लागली. दमट जंगलात चेंबर गंजतात, म्हणून त्याला आतून क्रोमचा मुलामा द्यायचा, हे माहीत असलेलं शहाणपण खर्चासाठी बाजूला ठेवलं गेलं. त्यावर कडी म्हणजे, हिला साफ करावंच लागत नाही असा समज पसरला आणि साफसफाईचं सामानही पुरेसं पोहोचलं नाही. पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसायची आणि जवान समोरून बॅरलमध्ये सळई घालून ती ठोकून काढायचा. रायफली अडकल्या, त्यात जवान गेले, त्यांची पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली.

१९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय उपसमितीने चौकशी केली आणि बोट ठेवलं ते सैन्याच्या कारभारावर. चेंबरला क्रोम आलं, मागचा, धक्का झेलणारा बफर बदलला, साफसफाईचे संच पोहोचले. विल आइसनर या चित्रकथाकाराने देखभालीची रंगीत पुस्तिका काढली. एम-१६ सुधारली. नळी मात्र होती तिथेच राहिली. चिकटलेली पुंगळी हा चेंबरचा आणि दारूचा आजार होता.

(दृश्य: आखूड बॅरलची रायफल, पुढे सायलेन्सर.)

पिस्टनवाल्यांचा खरा मुद्दा इथे आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. स्टोनरने नळीचं गणित २० इंची बॅरलसाठी मांडलं होतं. एम-१६ ची आखूड आवृत्ती असलेल्या एम-४ ची बॅरल साडेचौदा इंचांची, कमांडोंची तर आणखी आखूड. बॅरल आखूड झाली की गॅसचं छिद्र चेंबरच्या जवळ येतं, तिथे दाब भयंकर असतो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून आहे तोच कॅरिअर तिला ओढायला लागतो. त्यात सायलेन्सर लावला तर गॅस उलटा मागे येतो, थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत. शिवाय नळीत पाणी भरलं असेल आणि गोळी झाडली, तर नुकसान होऊ शकतं. पाण्यातून किनाऱ्यावर चढणाऱ्या कमांडोला हे परवडत नाही.

यातून डेल्टा फोर्स या अमेरिकी कमांडो दलाच्या सहभागाने हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीची एचके-४१६ आली. अंगकाठी स्टोनरची, आत शॉर्ट स्ट्रोक पिस्टन. या पिस्टनचा वंश मागे शोधत गेलात तर एआर-१८ ला पोहोचता, आणि ती कुणाची? आर्मालाइटचीच. नळीचे हक्क कोल्टला विकून झाले होते, म्हणून कंपनीला पिस्टनकडे वळावं लागलं होतं.

(दृश्य: पडद्यावर आकडे.)

२००७ मध्ये अमेरिकी सैन्याने ॲबरडीनला धुळीची चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या १० रायफली आणि प्रत्येक प्रकाराला ६०,००० गोळ्या. एम-४ अडकली ८८२ वेळा. एचके-४१६ अडकली २३३ वेळा, स्कार २२६, एक्सएम-८ फक्त १२७. या तिघीही पिस्टनच्या. हे आकडे प्रत्येक वादात फेकले जातात. जे सहसा फेकलं जात नाही ते असं, की त्याच वर्षीच्या आधीच्या चाचणीत एम-४ चा आकडा ३०७ होता, आणि ८८२ पैकी २३९ खोळंबे मॅगझीनमुळे झाले होते. पिस्टन पुढे राहिले, याबद्दल शंका नाही. पण किती पुढे, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही.

(दृश्य: भरपूर गोळीबारानंतर दोन्ही कॅरिअर पांढऱ्या कापडावर.)

डावा काळाकुट्ट आणि तापलेला. उजवा जवळजवळ कोरा, हातात धरता येईल असा. जाहिरातवाले इथेच कॅमेरा बंद करतात. आम्ही पुढचा भागही उघडला. उजवीकडची काजळी गेली कुठे? इथे, गॅस ब्लॉकमध्ये आणि पिस्टनच्या तोंडावर. आणि हे ओरखडे बघा. दांडा कॅरिअरला वरच्या बाजूने टोला देतो, त्यामुळे कॅरिअरची शेपटी खाली झुकते आणि मागच्या नळकांड्याच्या तोंडावर घासते. स्टोनरच्या मूळ रचनेत पिस्टन बसवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. चांगल्या कंपन्यांनी कॅरिअरचा आकार बदलून ती बरीच कमी केली आहे.

(दृश्य: नकाशा, मग प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातले जवान.)

भारतीय सैन्य मात्र पिस्टनचंच. पुण्याच्या एआरडीई संस्थेने घडवलेली इन्सास लाँग स्ट्रोक. कोरव्याला बनणारी एके-२०३ तशीच. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ मागवल्या, त्या शॉर्ट स्ट्रोक. नळी आपल्याकडे दिसते ती मुख्यतः पॅरा स्पेशल फोर्सेसच्या एम-४ मध्ये.

इतरांचं म्हणाल तर फ्रान्सने एचके-४१६ घेतली, अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये निवडलेली एक्सएम-७ पिस्टनची. पण ब्रिटनने २०२३ मध्ये रॉयल मरीन कमांडो आणि रेंजर्ससाठी जी नवी रायफल निवडली, नाइट्स आर्मामेंटची केएस-१, ती स्टोनरच्या नळीवर चालते. पैसा होता, पिस्टनही बाजारात होते.

(दृश्य: कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा केला जातो.)

डावीकडच्या रायफलीला घासूनपुसून चकचकीत करण्यापेक्षा तेल जास्त लागतं. काजळी ओली असली की ती चालत राहते. कड्या झिजल्या का, हे असं तपासतात: बोल्ट पुढे ओढून कॅरिअर त्यावर उभा करायचा. उभा राहिला तर ठीक. स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर कड्या बदलायच्या. कड्या स्वस्त मिळतात आणि कुठल्याही कंपनीच्या चालतात. उजवीकडचा पिस्टन मोडला तर ज्याने बनवला त्याचाच लागतो, आणि त्याने ते मॉडेल बंद केलं असेल तर जुन्या बाजारात शोधत फिरायचं.