मेंदूतला वण कोणाच्या बाजूचा?

मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की तिथल्या ग्लिया नावाच्या पेशी काय करतात, हा आजचा विषय. सुरुवात एका नावापासून करतो, कारण या विषयातला निम्मा घोटाळा नावांनीच केलेला आहे. १८५६ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मेंदूत चेतापेशींच्या मधल्या जागेत जो ऐवज भरलेला दिसतो, त्याला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत सरस. त्याने वापरलेल्या जर्मन शब्दाचा मराठीत नेमका अर्थ सांगायचा तर ‘लांबी’. खिडकीच्या चौकटीत काच बसवताना सुतार बोटाने दाबून भरतो ना, ती लांबी. एकदा लांबी म्हटल्यावर तिच्याकडे बघणार कोण? सगळ्यांचं लक्ष काचेकडे, म्हणजे चेतापेशींकडे. ‘ग्लिया चेतापेशींच्या दसपट असतात’ हे वाक्यसुद्धा पिढ्यानपिढ्या कोणी न मोजताच चालत राहिलं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, तेव्हा चेतापेशी सुमारे ८६ अब्ज निघाल्या आणि बाकीच्या सगळ्या मिळून जवळजवळ तेवढ्याच.

या ‘लांबी’त तीन मुख्य जातींच्या पेशी आहेत. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंना मायलिनचं वेष्टण गुंडाळतात. ॲस्ट्रोसाइट, म्हणजे तारकापेशी, एका बाजूने रक्तवाहिनीला पाय टेकून असतात आणि दुसऱ्या बाजूने चेतापेशींच्या सांध्यांना, म्हणजे सिनॅप्सना, वेढून असतात. माणसाची एक तारकापेशी वीस लाखांपर्यंत सांध्यांना स्पर्श करू शकते. आणि तिसरी मायक्रोग्लिया, मेंदूतली रक्षक पेशी. ही मूळची मेंदूची नाहीच. गर्भ अगदी लहान असताना त्याला जोडलेल्या पीतक पिशवीत (योक सॅक) तिचे पूर्वज तयार होतात, मेंदूत वस्तीला येतात आणि मग तिथलेच होऊन जातात.

आता इजा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण २००५ सालचा एक प्रयोग मी कितीही वेळा सांगितला तरी मला कंटाळा येत नाही. तोवर पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे की निरोगी मेंदूतली मायक्रोग्लिया ‘विश्रांत’ असते. इजा झाली की जागी होते. त्या वर्षी दोन गटांनी जिवंत उंदराच्या कवटीचं हाड घासून इतकं पातळ केलं की त्यातून सूक्ष्मदर्शकाचा लेझर आत जावा. मायक्रोग्लिया हिरव्या चमकतील अशी जनुकीय सोय आधीच केलेली होती. पाहतात तर काय, पेशीचं मधलं अंग जागच्या जागी, पण तिच्या फांद्या सतत हलताहेत. लांब होतात, चाचपतात, आखडतात, दुसरीकडे वळतात. काही तासांत मेंदूच्या त्या भागाचा कोपरान्‌कोपरा चाचपून होतो. आणि याला आपण विश्रांती म्हणत होतो!

मग त्यांनी लेझरचा जोर वाढवून एका ठिपक्याएवढ्या जागी जखम केली. काही मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्या फांद्यांनी दिशा बदलली. अर्ध्या तासाच्या आत त्या चारही बाजूंनी येऊन जखमेभोवती भिडल्या, एकमेकींत गुंतल्या आणि गोल कडं तयार झालं. यात एकही पेशी जागची हललेली नाही, फक्त हात पोचले. बोलावणं कसलं होतं, तर एटीपीचं. एटीपी पेशीचं इंधन, ते पेशीच्या आत असायचं. बाहेर सांडलेलं सापडलं याचा अर्थ कोणीतरी फुटलं आहे. वेगळी धोक्याची घंटा बनवायची गरजच नाही, सांडलेलं इंधन हीच वर्दी.

पहिल्या काही तासांत तारकापेशींवर वेगळाच बोजा पडतो. फुटलेल्या चेतापेशींतून ग्लुटामेट, म्हणजे एरवी त्या एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, बाहेर पडतं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की शेजारच्या धडधाकट पेशींनाही मारतं. तारकापेशी ते शोषून घेतात, जादाचं पोटॅशियमही शोषतात. पण या कामाला ऊर्जा लागते, आणि पक्षाघातात रक्तपुरवठाच तुटलेला असतो. मग त्यांच्यात पाणी शिरतं आणि त्या फुगतात. कवटी काही फुगत नाही. त्यामुळे वाचवणाऱ्या पेशींची सूजच रक्तवाहिन्यांवर दाब आणते. मदतीला आलेल्यांनीच रस्ता अडवावा, असा हा प्रकार.

पुढच्या काही दिवसांत तारकापेशींचं रूप पालटतं. मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा अशी स्लाइड पाहिली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. जखमेपासून दूर नाजूक, विरळ तारे, एकमेकांपासून अंतर राखून. स्लाइड जखमेच्या दिशेने सरकवत गेलो तसे ते जाड झाले, फांद्या दाट झाल्या. आणि अगदी कडेला तर तारे संपलेच. तिथे लांबट पेशी एकमेकींना खेटून, एकाच दिशेने विणल्यासारख्या. त्या पलीकडे काळोख. स्लाइडवर रंगलेलं होतं ते जीएफएपी नावाचं प्रथिन, तारकापेशींच्या आतला सांगाडा. लॉरेन्स एंग यांनी ते १९७० च्या सुमारास वेगळं केलं, तेही मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मायलिन नष्ट होत जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णांच्या मेंदूतल्या जुन्या वणांमधून. मेंदूला मार बसला की हे प्रथिन रक्तात उतरतं. डोक्याला लागलेल्या माणसाला सीटी स्कॅनची खरोखर गरज आहे का, हे ठरवायला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ती ज्या दोन प्रथिनांवर चालते त्यांतलं एक हे.

तर ती जी विणलेली कड, तिला म्हणतात ग्लियाचा वण. आणि हे दुसरं फसवं नाव.

मज्जारज्जू तुटला की चेतातंतू पुन्हा वाढून पलीकडे का जात नाहीत, हा प्रश्न चेतापेशींचा आद्य अभ्यासक रामोन इ काहालपासूनचा. तंतूंची टोकं वणापर्यंत येतात आणि तिथे गोळा होऊन थिजतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. आरोपी समोरच उभा! त्यातून १९८१ मध्ये आल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा मेंदूच्या बुडापासून मज्जारज्जूपर्यंत बसवला, तेव्हा जे तंतू वाढत नाहीत असं मानत होते ते त्या पुलातून सुमारे ३ सेंटीमीटर वाढले. पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मज्जारज्जूत जेमतेम शिरले आणि थांबले. म्हणजे तंतूंत दम आहे, परिसरच अडवतो. पुढे वणात साखरेच्या लांब शेपट्या असलेली प्रथिनं सापडली, ती तंतूंना मागे लोटतात. २००२ मध्ये त्या शेपट्या कापणारं, जिवाणूपासून मिळवलेलं विकर (एन्झाइम) जखमी उंदरांना दिलं, तर तंतू वाढले आणि उंदरांची चालही सुधारली. झालं, निकाल लागला. भिंत पाडा.

मग भिंत खरोखरच पाडून पाहिली. लॉस एंजेलिसमध्ये मायकेल सोफ्रोन्यू यांच्या प्रयोगशाळेने असे उंदीर तयार केले की एक औषध दिलं की नव्याने विभागणाऱ्या, वण बांधणाऱ्या तारकापेशीच मरतात. मज्जारज्जूला इजा मध्यम ठेवली, एरवी उंदीर ज्यातून बऱ्यापैकी सावरतात अशी. वण झाला नाही. २००४ साली निष्कर्ष छापून आले: दाहक पेशी जखमेतून बाहेर धडाधड पसरल्या, रक्त आणि मेंदूमधला अडसर दुरुस्तच झाला नाही, वाचू शकल्या असत्या अशा चेतापेशी मेल्या, आणि जे उंदीर चालायला हवे होते ते चालेनात. भिंत पलीकडच्यांना रोखण्यासाठी नव्हती. जखमेत साचलेला दाह अलीकडच्या शाबूत भागात शिरू नये, म्हणून घातलेला तो बांध होता.

२०१६ मध्ये त्याच गटाने उरलेला प्रश्न विचारला. बांध काढला तर निदान तंतू तरी वाढतात का? नाही वाढले. उलट, वाढीला चालना देणारे घटक दिले तेव्हा तंतू वणातूनच वाट काढत गेले, आणि वण होऊ दिला नाही तेव्हा कमी वाढले. मग २००२ चं विकर कसं चाललं? माझ्या मते यात विरोध नाही. बांधावरचे काटे छाटणं वेगळं आणि बांध फोडणं वेगळं. शिवाय ते काटे एकट्या तारकापेशींचे नाहीत. जखमेतल्या इतर पेशीही ते तयार करतात. आपण आरोपी पकडला तो घटनास्थळी सापडला म्हणून.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला: बोट कापलं तर तिथली नस पुन्हा वाढते, मग मज्जारज्जूतच एवढा अडथळा का?)

छान प्रश्न आहे. हातापायांतल्या नसांना ऑलिगोडेंड्रोसाइट नसतात, तिथे मायलिन गुंडाळायला श्वान पेशी असतात (हे श्वान म्हणजे कुत्रा नव्हे, एका शास्त्रज्ञाचं आडनाव). नस तुटली की त्या आपलं मायलिन स्वतःच मोडतात, भक्षक पेशींना बोलावून कचरा भराभर काढतात आणि रांगेत उभ्या राहून नव्या तंतूला वाट दाखवतात. तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत मायलिनचा कचरा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि त्यातच वाढ रोखणारी प्रथिनं असतात. मार्टिन श्वाब या संशोधकाने त्या प्रथिनांवर आयुष्य घातलं.

नावांवरून आठवलं. २०१७ मध्ये चिडलेल्या मायक्रोग्लिया तारकापेशींना मारक बनवतात असा एक महत्त्वाचा शोध आला, आणि पाठोपाठ ‘ए-वन’ वाईट, ‘ए-टू’ चांगल्या अशी विभागणी सर्वत्र छापली जाऊ लागली. २०२१ मध्ये याच क्षेत्रातल्या बऱ्याच मंडळींनी एकत्र येऊन सांगितलं की असे दोन कप्पे करू नका. बरं केलं.

शेवटी एक प्रयोग, २०२० चा. जन्मून दोनच दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लाचा मज्जारज्जू चेंगरला, तर तो वण न राहता भरून येतो आणि तंतू आरपार वाढतात. मायक्रोग्लिया आधीच काढून टाकल्या तर मात्र हे घडत नाही. पिल्लाच्या मायक्रोग्लिया तुटलेल्या दोन टोकांमध्ये तात्पुरता पूल घालतात, दाह आवरतात आणि पुन्हा शांत होतात. प्रौढ उंदराच्या चिडलेल्याच राहतात. मग पिल्लाच्या मायक्रोग्लिया प्रौढाच्या जखमेत सोडून पाहिल्या, आणि प्रौढाच्याच मायक्रोग्लियांवर प्रथिनं तोडणारी विकरं रोखणाऱ्या द्रव्याची प्रक्रिया करून त्याही सोडून पाहिल्या. दोन्ही वेळा जखम अधिक चांगली भरली आणि काही तंतू पलीकडे गेले. सगळे नाही, काही. आणि तेही अजून उंदरातच.