तीस नावांचं पान

(पहाट. नर्मदेचं संथ पाणी. काठाला लागलेला बार्ज.)

हे सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी. समोरच्या उतारावर नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली. राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र इथलं. निवडणूक आली की मतदान यंत्रं पाण्यातून येतात. भोंगा लावलेली गाडी मात्र बार्जवर चढत नाही.

उतरणाऱ्या या दोघा कार्यकर्त्यांच्या पिशवीत झेंडा नाही. मतदार यादी आहे, तीन रंगांची पेनं आहेत, कोरे अर्ज आहेत आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद आहे. त्या कागदाकडे पुढे येऊ.

(जवळून : खाटेवर पसरलेलं यादीचं पान. बोट ओळींवरून सरकतंय.)

एका पानावर तीस नावं. नऊशे मतदारांचं केंद्र म्हणजे तीस पानं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे पान नीट बघा. वसावे, वसावे, वळवी, पुन्हा वसावे. घर क्रमांकाच्या रकान्यात ओळीनं शून्य. पाडे एकमेकांपासून दोन-दोन किलोमीटरवर, आणि यादीचा क्रम पायवाटेचा क्रम पाळत नाही. पान एकवरून निघालेला कार्यकर्ता दुपारपर्यंत एकच टेकडी तीनदा चढतो.

म्हणून पहिला दिवस दारं ठोठावण्यात घालवायचाच नाही. गावच्या कारभाऱ्यांना आणि दोन बोलक्या बायांना खाटेवर बसवायचं, नावं मोठ्यानं वाचायची आणि यादी पाड्यांप्रमाणे वहीत उतरवून घ्यायची. नाव वाचताना बापाचं किंवा नवऱ्याचं नावही वाचायचं, नाहीतर एकाच नावाचे चार जण हात वर करतात. माणूस घरी असेल तर निळी खूण. बाहेरगावी असेल तर हिरवी, आणि शेजारी तीन गोष्टी : कुठं गेला, कोणत्या मुकादमाबरोबर, कधी येणार. मयत किंवा दुबार असेल तर लाल.

(पानावर हिरव्या खुणा वाढत जातात.)

आता तो प्लॅस्टिकमधला कागद. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950, कलम 20. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा नेहमीचा रहिवास संपत नाही, असं त्यात लिहिलंय. ऊसतोडीला गेलेल्याच्या दाराला कुलूप दिसलं की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि पुढच्या यादीत नाव नसतं. शेरा मारणाऱ्याशी भांडण नको, हा कागद दाखवायचा. आणि त्याआधी परतायचा महिना वहीत हवा, कारण ‘येणार आहे’ एवढ्यावर कुणी थांबत नाही.

(होळीची रात्र. काठी गावच्या होळीचा उंच दांडा. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू.)

परतायचा महिना बहुतेकांचा एकच, होळीचा. त्याआधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, डाळ्या, साखरेचे हार, आणि सहा महिने गावात न दिसलेली माणसं. यादीचं टेबल इथं लावायचं, पण ढोलापासून लांब, रसवंतीच्या शेजारी. तिथं माणूस दहा मिनिटं उभा राहतो. भाषण ठेवू नये. ढोलापुढे ते ऐकू जात नाही, आणि ऐकू गेलं तरी आवडत नाही.

खान्देशात मतदाराचं वेळापत्रक सणांच्या हातात आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं) साल संपतं आणि नवं सुरू होतं. मालक बदलला की बिऱ्हाड बदलतं, कधी गावही. त्याच दिवसांत लेकी माहेरी आलेल्या असतात. अर्ज भरायला आखाजीचा आठवडा म्हणूनच सोन्यासारखा.

(झोका. गौराई. अर्ज भरणारा हात.)

चुका मात्र इथंच सगळ्यात जास्त होतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईचा नमुना 6 भरून मोकळं व्हायचं, ही नेहमीची घाई. नमुना 6 पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. तिचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना 8 हवा, त्यातच पत्ता बदलतो आणि नावातली दुरुस्तीही होते. 6 भरला की ती दोन यादीत जाते, मग दुबार म्हणून कुठलं नाव कापलं जाईल ते तिच्या हातात राहत नाही. नमुना 7 नाव वगळण्याचा. तो पेटीत तळाला ठेवावा.

अठरा वर्षं पुरी झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा मोजतात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पुरी झालेल्यालाही अर्ज आगाऊ देता येतो. गठ्ठा बांधून तहसीलला जाऊ नये. पक्षाच्या बूथ प्रतिनिधीकडूनही दिवसाला दहाच अर्ज घेतात. चाळीस अर्ज म्हणजे चार दिवसांच्या फेऱ्या, आणि प्रत्येकाची पोच त्या त्या माणसाच्या हातात.

(जुनी छायाचित्रं. फैजपूर. तळोदा. शहादा.)

माणसं जिथं जमतात तिथं जायचं, ही रीत इथं नवी नाही. 1930च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला भिल्ल, पावरा लोक डोंगर उतरून यायचे. लहान-मोठा सगळ्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, एवढी साधी गोष्ट. पण ज्याला आयुष्यभर ‘ए’ म्हणून हाक मारली, त्याला ती साधी नव्हती. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते फैजपुरात. त्याच्या तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव पायी फिरले. पुढे शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांनी भजनी मंडळांतून माणसं जोडली, 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि सालदाराच्या मजुरीचा, गेलेल्या जमिनीचा प्रश्न बाजारपेठेच्या गावात येऊन उभा राहिला. ओळखीचं साधन आधी, मागणी नंतर. भजनाऐवजी सभेपासून सुरुवात झाली असती तर किती जण आले असते, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

(श्रावण. कानबाईची मांडणी, नारळ, तेवणारी समई. अंगणात बसलेले भाऊबंद.)

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणासाठी, सुरत, पुणे, नाशिकहून खान्देशी माणूस गावी येतोच. सुरतेत वीस वर्षं काढलेला भाऊही आज पंक्तीत आहे. रविवारी कुणाच्या ओट्यावर यादी काढू नये. बाया चुलीपुढून हलत नाहीत आणि पुरुषांना घाई असते. सोमवारी सकाळी विसर्जन झालं की संध्याकाळच्या गाड्यांपर्यंतचा वेळ आपला.

विचारायचं ते अहिराणीत. ‘माय, तुन्हं नाव यादीमा शे का?’ हे ऐकून ती पदर सावरून जागा देते. ‘आपलं नाव मतदार यादीत समाविष्ट आहे काय’ हे ऐकून ती नवऱ्याला हाक मारते. मात्र अहिराणी घेऊन धडगावला जाऊ नये. तिथं पावरी बोलणारा कार्यकर्ता त्याच पाड्यातला हवा. दुभाष्या नेला की लोक दुभाष्याशीच बोलतात.

एक रेघ मात्र ओलांडायची नाही. अहिराणीत मत मागणं वेगळं आणि अहिराणीच्या नावावर मत मागणं वेगळं. धर्म, जात, भाषेच्या नावावरचं आवाहन 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरतं, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात जणांच्या पीठानं मतदाराची जात-भाषाही त्यात धरली. आचारसंहिता लागली की मंदिर, मशिदीतून प्रचार बंद. कानबाईच्या मांडवात पत्रक वाटणाऱ्या उत्साही पोराला आधीच आवरलेलं बरं.

(धुळे. यंत्रमागांचा खडखडाट. पाळी बदलताना बाहेर पडणारे कारागीर.)

इथं घरोघरी फिरण्यात अर्थ नाही. दिवसपाळीचा माणूस रात्री झोपतो, रातपाळीचा दिवसा. पाळी बदलताना कारखान्याच्या कोपऱ्यावरची चहाची टपरी, तीच इथली पारावरची बैठक. पत्रक उर्दूत हवं आणि ते इथल्याच कुणीतरी लिहिलेलं हवं. मराठीवरून उचललेली उर्दू पहिल्या ओळीत पकडली जाते. आणि विषय विजेच्या बिलाचा, सुताच्या भावाचा. ऐक्यावरचं भाषण इथं अनेकदा ऐकून झालंय.

(रावेर-यावल. केळीचे घड डोक्यावर घेऊन बांधावरून येणारी टोळी. हातांना चिकाचे काळे डाग.)

केळीचा चीक कपड्यावरून निघत नाही, हाताला आठवडाभर राहतो. या टोळीत तडवी आहेत. आदिवासीही आणि मुसलमानही. एका खिशात आदिवासींचं पत्रक, दुसऱ्यात मुस्लिमांचं, असा आलेला कार्यकर्ता इथं दोन्ही खिशांसकट परत जातो. बांधापलीकडे बागेचा मालक लेवा पाटील. त्याचा प्रश्न फळपीक विम्याचा, टोळीचा प्रश्न मजुरीचा. दोघांना एकाच मांडवात बोलावून गोड बोलणं म्हणजे दोघांनाही फसवणं. आधी वेगळं ऐकायचं, मग दोघांचं जिथं खरंच जुळतं तेवढंच एका कागदावर लिहायचं. आम्ही पाहिलेल्या कागदावर तीनच ओळी होत्या. त्यातली एक रस्त्याची.

समाजवार मेळावे घेणं सोपं आहे, फोटोही चांगले येतात. पण मेळाव्याला येतो तो समाजाचा पुढारी. टोळी तेव्हा बागेत असते.

(ऊसतोडीचे ट्रक. टपावर बाजली, कोंबड्या, लेकरं.)

2024 मध्ये दिवाळी 1 नोव्हेंबरला होती आणि विधानसभेचं मतदान 20 तारखेला. मधले दिवस म्हणजे टोळ्या ऊसतोडीला निघायचे दिवस. परत आणायला गाडी पाठवू, असं कुणीतरी सुचवतंच. उमेदवारानं मतदारांची फुकट ने-आण करणं हेही भ्रष्ट आचरण. उरतो तो मुकादम. उचल त्यानं दिलेली असते, ट्रक त्याचा असतो. हिरव्या खुणांच्या शेजारी त्याचं नाव ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं असेल, तर त्याच्याशी ऑक्टोबरात बोलता येतं : ट्रक 20च्या संध्याकाळी सोड. ज्यांना जावंच लागलं त्यांना दुसरं कलम सांगायचं, 135-ब : मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही.

त्याच वर्षी लोकसभेला धुळ्यात 3,831 मतांचा फरक पडला. केंद्रांच्या संख्येनं भागलं तर एका केंद्रामागे दोनेक मतं.

(पुन्हा बार्ज. पिशवी. पाण्यावर ऊन.)

मणिबेलीच्या यादीतले हिरव्या खुणांचे फोन उद्या मोलगीहून लावायचे, इथं रेंज येत नाही. आज भरलेले अर्ज नऊ. दहाव्यावर सही राहिली, ती बाई शेळ्यांमागे गेलीय. बार्ज सुटायला अजून अर्धा तास आहे. दोघांपैकी एक जण टेकडी चढतोय.