जो आधी ओ देईल तो

(दृश्य: नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जोडणारी पेटी. तिचे हिरवे दिवे, अगदी जवळून)

दिवे बघून कुणालाही वाटेल, सगळं सुरळीत चाललंय. तरी तालुक्याच्या गावातल्या या वाचनालयाच्या अभ्यासिकेत निम्म्या कॉम्प्युटरांवर इंटरनेट नाही. कुठल्या निम्म्या, तेही रोज बदलतं. सकाळी धडधाकट चालणारं मशीन दुपारी रीस्टार्ट केलं की गप्प. एका मुलीचा भरतीचा फॉर्म यातच राहिला.

लाइनवाल्याला फोन झाले. आमच्याकडून लाइन चालू आहे, म्हणाला. खरंच चालू होती.

(दृश्य: शेजारी शेजारी दोन स्क्रीन)

दोन्हीकडे एकच कमांड दिलीय, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल. मशीनची नेटवर्कची माहिती दाखवणारी. डावीकडे गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, १९२.१६८.१.१, उजवीकडे १९२.१६८.०.१. खोली तीच, स्विच तोच. ‘डीएचसीपी सर्व्हर’, म्हणजे मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देणारा, या ओळीतही तोच फरक. या ओळीपर्यंत कुणी वाचतच नाही, नेट गेलं की आधी रीस्टार्ट! मशीनचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता तर गोष्ट वेगळी. कुणीच उत्तर देत नाही तेव्हा मशीन तसला पत्ता स्वतःच घेतं. इथे उत्तर देणारे दोघं आहेत.

सुरू झालेला कॉम्प्युटर नेटवर्कभर हाळी देतो, कुणी पत्ता देतंय का? राउटर ओ देतो: हा घे पत्ता, बाहेर जायचं तर माझ्यातून जा. दोघांनी ओ दिली, तर बहुतेक मशीन आधी आलेलं उत्तर धरतात. तू कोण, हे विचारण्याची पद्धतच नाही. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रोम्स यांनी डीएचसीपीचे नियम १९९३ मध्ये लिहिले. १९९७ च्या सुधारित दस्तऐवजात त्यांनीच नोंदवलंय, की ही व्यवस्था बरीच असुरक्षित आहे, आगंतुक सर्व्हर सहज उभा राहू शकतो. आजही घरोघरी तीच चालते.

(दृश्य: स्विचमधून वायरी काढणारा हात, मागे स्क्रीन)

आगंतुक शोधायची युक्ती साधी आहे. अडलेल्या मशीनवरून १९२.१६८.०.१ ला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी विचारणा, लावून ठेवायचं आणि स्विचमधली एकेक वायर काढून परत लावायची. रिप्लाय येतोय... येतोय... अकराव्या पोर्टाला थांबला.

ही वायर जाते कुठे? लेबल नाही. एकाही वायरीला नाही. आमचं भांडण राउटरशी नाही, याच्याशी आहे. चिकटपट्टी आणि मार्कर, एवढाच खर्च होता.

(दृश्य: वायरीमागे जाणारा कॅमेरा)

जिन्याच्या कडेने वर, खिडकीच्या फटीतून आत, मासिकांच्या कपाटामागे. तिथे हा. कुणाच्या तरी घरचा जुना राउटर, वर वायफाय पोचावं म्हणून चांगल्या मनाने आणून लावलेला. वायर पिवळ्या पोर्टात, म्हणजे लॅनमध्ये, आतल्या नेटवर्कच्या बाजूला. निळ्यात, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पोर्टात लावली असती, तर याचं पत्तेवाटप याच्या वायफायपुरतं राहिलं असतं. पिवळ्यातून हा सगळ्या वाचनालयाला पत्ते वाटत बसला, आणि बाहेरचा रस्ता याच्याकडे नव्हताच.

फेकायची गरज नाही. याचं डीएचसीपी बंद केलं आणि याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला. वायर पिवळ्यातच ठेवली. मुख्य राउटर शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटतो, त्यामुळे टक्कर नाही. मग प्रत्येक मशीनवर रिलीज आणि रिन्यू, म्हणजे जुना पत्ता सोडून नवा मागणं. नाहीतर मुदत संपेपर्यंत मशीन जुनाच पत्ता धरून बसतं.

(दृश्य: प्रिंटर)

जाता जाता हेही सापडलं. प्रिंटरला कुणीतरी हाताने १२० नंबर दिलेला, नेमका वाटपाच्या पट्ट्यातला. आज ना उद्या तोच एखाद्या मोबाइलला मिळाला असता. प्रिंटर आता १० वर.

अकराव्या वायरीवर लेबल लागलं: ‘वरचा मजला, मासिकं’. बाकीच्या वायरींची दुसरी टोकं शोधायला ग्रंथपाल मॅडम दोन मुलांना घेऊन निघाल्यात.