झेंडा शेवटी शिवायचा नसतो

(मंडळाच्या स्नेहसंमेलनात दिलेलं भाषण, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, 'ड्रम कोअरमधले नवे कलर गार्ड डिझायनर', पण खुर्च्या भरलेल्या दिसतायत त्या माझ्यामुळे नाहीत हे मला कळतं, जेवणाचा वास इथपर्यंत येतोय.

ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, ड्रम आणि निशाणवाले घेऊन मैदानावर कार्यक्रम करणारं तरुण मुलांचं पथक. आधी त्याचा उच्चार. लिहायचं corps, पण कोअर म्हणायचं, शेवटची दोन अक्षरं मुकी. पहिलं वर्षभर मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते की आमची लेक ड्रम कॉर्प्समध्ये आहे, आणि समोरच्याला ऐकू येत होतं corpse, म्हणजे प्रेत. लेक गाडीत खाली सरकून बसायची. कुणी काही बोललं नाही, अमेरिकन लोक फार सभ्य.

तुमच्यातल्या निम्म्यांची मुलं हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत त्यामुळे कलर गार्ड, म्हणजे बँडबरोबर निशाणं आणि रायफली फिरवत नाचणारी तुकडी, काय ते सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट, कलर म्हणजे इथे रंग नव्हे, निशाण. हे सगळं सुरू झालं अमेरिकन लीजन वगैरे माजी सैनिकांच्या संघटनांच्या बँडमधून, तिथे राष्ट्रध्वज घेऊन चालणारे आणि त्याच्या बाजूला बंदूक घेऊन चालणारे ते कलर गार्ड. म्हणून आजही पोरं लाकडी पांढरी रायफल हवेत फेकतात, सहा गिरक्या मारून झेलतात. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, अगं हिला भरतनाट्यम् लावायचं होतं ना?

मी स्वतः पुण्याची, कॉलेजात ढोल-ताशा पथकात होते, नदीपात्रात सराव. ढोल मला झेपायचा नाही, कंबरेला पट्टा बांधला की मीच वाकायचे, म्हणून ध्वज दिला. आता ऐका, इथेच माझं मूळ दुखणं आहे. मिरवणुकीत ध्वज सगळ्यात पुढे, फोटो सगळे ध्वजाचे. पण सरावात आमची आठवण शेवटच्या आठवड्यात. ताशा ठरला, हात ठरले, कुठे थांबायचं कुठे उचलायचं सगळं ठरलं, मग कुणीतरी म्हणायचं अरे ध्वजवाल्यांना काय सांगायचं? आणि उत्तर ठरलेलं, नाचवा तालावर. लक्ष्मी रोडवर वरती वायरी, खाली माणसं, हातात बांबू, आणि नाचवा तालावर!

तर लेक कोअरमध्ये गेली तेव्हा वाटलं इथे सगळं व्यावसायिक असणार. आणि असतंच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या इथे इंडियानापोलिसला, डाउनटाऊनच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअरच्या स्पर्धेची फायनल झाली की महिन्या-दोन महिन्यांत घोषणा सुरू होतात, अमुक कोअरने गार्डसाठी नवे डिझायनर घेतले, तमुक तिकडून इकडे आले, आयपीएलच्या लिलावासारखं, फक्त पैसे नाहीत.

आमच्याकडेही एका वर्षी नवा डिझायनर आला. कोअरचं नाव घेत नाही, पोरगा गुणी होता, हुशार होता, इनडोअर गार्डमधून आलेला. ते इनडोअर म्हणजे 1977 ला स्थापन झालेल्या संस्थेच्या वेगळ्या स्पर्धा आहेत, फायनल एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला, बास्केटबॉलच्या कोर्टावर. त्याने शेवटच्या भागासाठी निशाण काढलं, गडद वांगी रंग, कडेला सोनेरी लामे, म्हणजे चमचमतं कापड, आतून अस्तर. काय सुंदर! अक्षरशः पैठणी. मी शिवणाऱ्या पालकांमध्ये होते, 38 निशाणं आम्ही शिवली, वांगी दोऱ्याच्या किती रिळी गेल्या माहीत नाही, आणि शिवताना प्रत्येक बाई म्हणत होती याचा ब्लाउज काय दिसेल.

मैदानावर पहिल्यांदा उघडली. मी वरच्या बाकांवर मुद्दाम जाऊन बसले होते. हिरवं टर्फ, संध्याकाळचे दिवे, आणि काळं. नुसतं काळं. 38 काळी फडकी. कोर्टावर बघणारा वीस-तीस फुटांवर असतो, इथे परीक्षक वर प्रेसबॉक्समध्ये, तिथून वांगी आणि काळा एकच. त्यात मागे उभे ब्रासवाले, म्हणजे पितळी वाद्यं वाजवणारे, त्यांचे कपडे गडद निळे, म्हणजे निशाण उघडलंय की मिटलंय हेही कळेना. आणि अस्तरामुळे जड. आपण ज्याला सिल्क सिल्क म्हणतो ते असतं पातळ पॉलिएस्टर, ते हवेवर तरंगतं, काठी थांबली तरी एक ठोका नंतर येऊन बसतं, सगळी जादू त्या एका ठोक्यात आहे. हे आपलं अस्तरवालं दव पडल्यावर काठीला गुंडाळी मारून बसलं. लेकीच्या शेजारची मुलगी जोर लावून सोडवायला गेली तर टोकाची रबरी टोपी उडाली ती थेट ट्यूबामध्ये. ट्यूबावाल्याने वाजवणं थांबवलं नाही हे मात्र मानलं.

मग जुलैच्या मध्यात, दौऱ्यावर, कुठल्याशा गावच्या शाळेच्या जिममध्ये, मुलं जमिनीवर झोपलीयत आणि आम्ही चार बाया हॉलवेत, दोन मशीन, त्यातलं एक माझं आईने दिलेलं, परत 38. फिकट केशरी, बिनअस्तराची. पहाटे तीनला माझ्या मशीनची सुई तुटली, आणि मला तेव्हा नदीपात्रातलं ते वाक्य आठवलं, नाचवा तालावर. कारण दोष त्या पोराचा नव्हताच. त्याला बोलावलं तेव्हा संगीत ठरलेलं, ड्रिल, म्हणजे मैदानावर कुणी कुठे चालायचं ते, लिहून झालेलं, कपडे शिवायला गेलेले. त्याला ब्रासवाल्यांचा निळा रंग कुणी दाखवलाच नव्हता हो!

(इथे अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली.) पाच मिनिटं? बरं. म्हणजे मुख्य मुद्दा आता सांगायचा.

तर मार्क. शंभरातले 40 जनरल इफेक्ट, म्हणजे एकूण परिणाम, 30 संगीत, 30 व्हिज्युअल, म्हणजे डोळ्यांना दिसणारं. व्हिज्युअलचे तीन भाग, त्यातला एक गार्ड, प्रत्येकाला 20, बेरीज करून निम्मी, म्हणजे गार्डच्या वाट्याला 10. म्हणून कोअरचे लोक म्हणतात दहाच तर मार्क आहेत, गार्डवाला नंतर बघू. पण ते 40 कुठून येतात? सूर चढतो तेव्हा डोळ्याला काय दिसतं त्यावरूनही. 1983 पर्यंत परीक्षक एकेका चुकीला पॉइंट एक कापत फिरायचे, तेव्हा ठीक होतं, झेंडा पडला नाही म्हणजे झालं. 84 पासून ती पद्धत गेली, तेव्हापासून गार्ड ही सजावट राहिलेली नाही. उत्कृष्ट गार्डचं बक्षीस जॉर्ज झिंगाली यांच्या नावाने देतात, तो माणूस गार्ड आणि ड्रिल दोन्हीकडचा, ही एकच गोष्ट पुरे आहे खरं तर.

बोस्टन क्रुसेडर्स घ्या. 1940 चं कोअर. 2016 ला फायनलच्या बारांत तळाला. मग एकदम घाऊक भरती केली डिझाइन टीमची, एकटा गार्डवाला नाही, सगळे एका वेळी, एकाच टेबलावर, पुढच्या वर्षी सहावे. आणि 2025 ला पहिलं विजेतेपद, 85 वर्षांनी.

म्हणून नवा डिझायनर आला की त्याला पहिल्या दिवशी रंग विचारू नका, त्याला आधी धून ऐकवा, आणि धून बदलायचा हक्क द्या, की इथे मला दोन ठोके रिकामे हवेत, कापड खाली यायला वेळ लागतो. दुसरं, त्याला मे महिन्यात वरच्या बाकांवर बसवा, एक मीटर कापड घेऊन, शिवण्याआधी. तिसरं, तो शनिवार-रविवारी येणार आणि रोज उन्हात मुलांना शिकवणारे टेक वेगळे, त्यांची भेट आधी घालून द्या, नाहीतर सासू एक सांगते आणि जाऊ दुसरं. चौथं विसरले. हो, पालकांना विचारा, शिवणारे आम्ही आहोत.

झालं, झालं, बसते. एकच, ती वांगी 38 निशाणं अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत, प्रत्येकी साधारण सव्वा मीटर, लामेसकट. गणपतीच्या मखराला कुणाला हवी असतील तर जेवणाच्या रांगेत भेटा, जवळून फार सुंदर दिसतात.