गुणपत्रकातले गुण आणि मारिकानातली घरे

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात, रस्टनबर्ग शहराजवळ, मारिकाना ही प्लॅटिनमच्या खाणींची वस्ती आहे. येथील लोनमिन कंपनीने २००६ पासूनच्या आपल्या सामाजिक आणि श्रम आराखड्यात कामगारांसाठी ५,५०० घरे बांधण्याचे कबूल केले होते. २००९ अखेर त्यांपैकी तीन घरे उभी राहिली होती, आणि तीही नमुन्याची. १६ ऑगस्ट २०१२ रोजी, वेतनवाढीसाठी संपावर असलेले ३४ खाणकामगार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर नेमलेल्या फार्लम आयोगासमोर गोळीबाराबरोबरच या न बांधलेल्या घरांचाही हिशेब मांडला गेला.

हा आराखडा म्हणजे कंपनीने मनात आले म्हणून केलेला दानधर्म नव्हता. २००२ च्या खनिज कायद्यानुसार खाणीचा हक्क हवा असेल तर असा आराखडा द्यावाच लागतो, आणि मंजुरीनंतर तो कंपनीवर बंधनकारक ठरतो. म्हणूनच त्यातील घरे, प्रशिक्षण आणि गावातील कामे यांची तरतूद, खाणीतील यंत्रसामग्रीची करावी तशी, पहिल्याच अंदाजपत्रकात करावी लागते. नफा उरला तर पाहू, असे म्हणणाऱ्या कंपनीला प्लॅटिनमचा भाव उतरताच सबब मिळते.

खाणींबाहेरच्या उद्योगांसाठी २००३ चा व्यापक कृष्णवर्णीय आर्थिक सक्षमीकरण कायदा आहे. त्यातील ‘कृष्णवर्णीय’ या शब्दाच्या व्याख्येत आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीय मूळ असलेले दक्षिण आफ्रिकी नागरिक येतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरीकडून केपटाऊनला गेलेल्या कोकणी मुसलमानांचे तेथील वंशजही या कायद्याच्या कक्षेत आहेत. कंपनीला मालकी, व्यवस्थापन, कौशल्यविकास, पुरवठादारांचा विकास आणि सामाजिक विकास अशा पाच अंगांवर गुण मिळतात आणि त्यांवरून तिची पातळी ठरते. मालकीला २५ गुण आहेत, पुरवठादारांच्या अंगाला त्याहून कितीतरी अधिक, चाळीसच्या घरात. सामाजिक विकासाला मात्र केवळ पाच. शाळेला रंग देऊन फीत कापणाऱ्या कंपन्यांनी हे प्रमाण एकदा नीट पाहावे.

पुरवठादारांना एवढे वजन का, हे साखळी पाहिली की कळते. पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीच्या कंपनीकडून शंभर रँडचा (रँड हे तेथील चलन) माल घेतला, तर खरेदीदाराच्या गुणपत्रकात तो १३५ रँडचा धरला जातो. साहजिकच खरेदीदार आपल्या पुरवठादाराकडे प्रमाणपत्र मागतो, आणि तो पुरवठादार त्याच्या पुरवठादाराकडे. सरकारी कंत्राट देताना ही पातळी पाहिली जाते, पण ज्या कंपनीला असे कंत्राट कधीच नको असते, तिलाही ही साखळी सोडत नाही. वार्षिक उलाढाल एक कोटी रँडपर्यंत असलेल्या छोट्या उद्योगाला मात्र महागड्या पडताळणीची गरज नसते. त्याचे शपथपत्र पुरते.

मोठ्या कंपनीकडून करोत्तर नफ्याचे दोन टक्के पुरवठादारांच्या उभारणीवर, एक टक्का नवउद्योगांवर आणि एक टक्का सामाजिक विकासावर खर्च होणे अपेक्षित असते. या मदतीत रोख अनुदानाबरोबर बिनव्याजी कर्ज, अनुभवी अभियंत्याचे तास आणि देयके लवकर चुकती करणे हेही मोजले जाते. आमच्या मते यातली शेवटची बाब सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे, कारण छोटा कंत्राटदार बहुधा काम नसल्यामुळे बुडत नाही. बिल तीन महिने अडकल्यामुळे बुडतो.

पळवाटाही आहेत. माळ्याला किंवा चालकाला कागदोपत्री भागीदार करायचे आणि त्याला ना नफा द्यायचा ना निर्णयात बसवायचे, या प्रकाराला तेथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या बेनामी व्यवहाराचाच हा भाऊबंद. २०१३ च्या दुरुस्तीने तो फौजदारी गुन्हा ठरला असून, त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि कंपनीला वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

नॉर्दर्न केपमधील डी आर गावाच्या परिसरात आता सौर पटलांच्या रांगा दिसतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या नवीकरणीय ऊर्जा योजनेत निविदेचे ७० गुण दराला आणि ३० आर्थिक विकासाला होते, आणि प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील वस्त्यांना मालकीत वाटा देणे आवश्यक होते. हा वाटा बहुधा कर्ज काढून घेतलेला असतो. म्हणून सुरुवातीची अनेक वर्षे लाभांश हप्त्यांत जातो आणि वस्तीच्या विश्वस्त निधीत थोडेच पडते. ही उणीव उत्पन्नाच्या टक्केवारीने बांधलेला सामाजिक खर्च काही अंशी भरून काढतो, कारण तो नफ्याची वाट पाहत नाही. मारिकानाहून येथे एक गोष्ट वेगळी आहे: कबूल केलेल्या प्रत्येक आकड्याचा हिशेब दर तिमाहीला द्यावा लागतो, आणि तो वारंवार चुकला तर वीज खरेदीचा वीस वर्षांचा करारच धोक्यात येतो.