नव्वद अंश, पण कुठल्या वाटेने?

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बिघडलंय हे कसं ओळखावं’. तिथे पोचायला जरा वेळ लागेल, कारण वाटेत तापमानाचा आकडा आडवा येतो. गेम चालू असताना कोपऱ्यात ९० दिसलं की माणूस उठतो आणि थर्मल पेस्टची, म्हणजे चिप आणि तिची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या हीटसिंकमधल्या लेपाची, ट्यूब मागवतो. पेस्ट बदलून काहीच फरक पडला नाही असे इथे किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. बाकीच्यांनी बहुतेक नंतर मोजून पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ९० अंश हा नुसता आकडा निरुपयोगी आहे. तो किती वॅटवर आला आणि किती वेळात आला, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका.

आधी वॅट. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉप कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही मर्यादेचं बसवलेलं असू शकतं. स्टिकर तेच, वॅट तिप्पट. (दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही, तो वेगळा विषय.) म्हणजे ११५ वॅट ओढत ८२ अंशांवर स्थिर असलेलं कार्ड ठणठणीत आहे, आणि तेवढीच मर्यादा असून ४५ वॅटवरच ८२ ला पोचणारं आजारी आहे. तापमान दोघांचं एकच. म्हणून मित्राच्या लॅपटॉपशी तुलना करू नका. आपल्या मॉडेलची कमाल वॅट मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा आणि तिच्याशी ताडून पाहा.

आता वेळ. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान-वॅट दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, सेन्सरची नोंद फाइलमध्ये सुरू करा. चार्जर मूळचाच लावा, परफॉर्मन्स मोड निवडा आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) पंधरा मिनिटं चालवा. मग आलेख पाहा. भार पडताच पाच-दहा सेकंदांत कार्ड ८५ च्या वर उडालं आणि फरमार्क बंद करताच दोन सेकंदांत वीस-पंचवीस अंशांनी कोसळलं, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. हा संपर्काचा दोष: पेस्ट वाळलेली, सरकलेली, किंवा हीटसिंक तिरका बसलेला. याउलट तापमान दहा-बारा मिनिटं हळूहळू चढत गेलं आणि बंद केल्यावरही रेंगाळत उतरलं, तर उष्णता हीटसिंकमध्ये आलीये पण बाहेर पडत नाहीये. तिथे दोष हवेचा: धूळ, थकलेला फॅन, नाहीतर मऊ गादीवर ठेवलेला लॅपटॉप. अशा लॅपटॉपला तुम्ही जगातली सर्वोत्तम पेस्ट लावा, ढिम्म फरक पडणार नाही. एक सावधगिरी: ही परीक्षा प्रोसेसरला लावू नका. टर्बोमध्ये, म्हणजे वेग तात्पुरता वाढवताना, निरोगी प्रोसेसरही क्षणात ९५ ला जातो. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे आणि तो तिथपर्यंत जायला लाजत नाही. कार्ड मात्र साधारण ८७ च्या आसपास स्वतःला आवरतं.

दुसरी खूण हॉटस्पॉटची, म्हणजे चिपवरच्या सर्वांत गरम बिंदूची. ज्या कार्डांवर हा आकडा मिळतो, तिथे तो सरासरी तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त असणं नेहमीचं. फरक पंचवीस-तीसवर गेला तर चिपच्या एका कोपऱ्यावर पेस्टच उरलेली नाही. लॅपटॉपची चिप उघडी असते, तिच्यावर धातूची टोपी नसते. गरम-गार होताना ती वाकते-सरळ होते आणि पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. म्हणून इथे घट्ट पेस्ट किंवा पीटीएम७९५० सारखी फेज-चेंज शीट लावावी. शीट ४५ अंशांच्या आसपास मऊ होते आणि जागा सोडत नाही. पेस्टऐवजी लिक्विड मेटलचा (द्रव धातूचा) मोह असेल तर लक्षात ठेवा, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि थेंब ओघळला तर शॉर्ट होतो.

उघडायचंच ठरलं तर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे छापलेले असतात. घट्ट करताना त्याच क्रमाने, थोडं-थोडं. काढताना उलट क्रमाने. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि मेमरीवरचे पॅड, म्हणजे उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या! पेस्ट बदलल्यावर तापमान वाढलं, ही तक्रार जिथे येते तिथे निम्म्या वेळा पॅड गुन्हेगार असतो, असं मी बिनधास्त म्हणेन. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड घातला की चौरंगाचा एक पाय उंच व्हावा तसा हीटसिंक उचलला जातो आणि चिपला नीट टेकतच नाही. जाडी मोजा, अंदाज करू नका.

धुळीचंही तेच. फॅन आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर बसतो, तो बाहेरच्या जाळीतून दिसत नाही. बाहेरून हवा मारली तर तो थर उलटा फॅनमध्ये जातो. फॅन सोडवून थर उचलून काढावा लागतो. हवा मारायचीच असेल तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरवून बेअरिंगचा बळी देऊ नका. शिट्टी ऐकायला मजा येते, मान्य आहे.

आता माझी आवडती तक्रार, हीट गन. ‘कार्ड गेलं, जरा गरम करून देतो’ हे वाक्य कुठून आलं? २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की काही लॅपटॉप चिपांच्या पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत निघालंय, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले. तडे जात होते ते सिलिकॉन आणि त्याखालच्या पट्टीमधल्या सूक्ष्म सोल्डर टाक्यांना. लोकांनी बोर्ड भाजले, लॅपटॉप उठले, पंधरवडा-महिनाभर चालले, पुन्हा झोपले. निष्कर्ष काय काढला? बोर्डाचं सोल्डर सुटलं होतं, ते वितळून जोडलं गेलं! अहो, त्या टाक्यांत शिसं भरपूर, ते वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. चिपला बोर्डाशी जोडणारे शिसंविरहित सोल्डरचे गोळे मात्र २१७ च्या आसपास वितळतात, आणि ते बहुतेक वेळा धडधाकटच होते. भाजल्याने भेगा प्रसरण पावून तात्पुरत्या टेकल्या, बस. तो विशिष्ट दोष तेव्हाचा, पण उपाय आजही सगळ्यांना विकला जातो. भाजून उठलेलं कार्ड दुरुस्त झालेलं नसतं. रिबॉलिंग, म्हणजे चिप उचलून ते गोळे नव्याने बसवणं, हेही फक्त तेव्हाच उपयोगाचं, जेव्हा गोळेच तुटलेत हे सिद्ध झालंय.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. म्हणजे फलकावरचा विषय आता सुरू. भरभर सांगतो.

स्क्रीनवर ठिपके, रेघा, रंगीत चौकोन दिसतायत? स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर पाहा. घाण चित्रात आली तर दोष कार्डाचा, मेमरीचा किंवा ड्रायव्हरचा. चित्र स्वच्छ असेल तर पॅनेल किंवा त्याच्या केबलकडे बोट दाखवा. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने लावा. अनेक लॅपटॉपांत हा पोर्ट थेट मोठ्या कार्डाला जोडलेला असतो आणि आतली स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालते. त्यामुळे ‘बायोसमध्ये (विंडोजआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) चित्र ठीक आहे, म्हणजे कार्ड ठीक आहे’ हा तर्क लॅपटॉपवर फसतो. विंडोजच्या डेस्कटॉपवर, गेम चालू नसताना, कार्ड आराम करत असेल आणि तपासणी प्रोग्रॅमात शून्य किंवा करडं दिसलं तरी घाबरू नका, वीज वाचवायला ते झोपलेलं असतं.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उठवला, असा त्याचा अर्थ. ओव्हरक्लॉक (कार्डाचा ठरावीकपेक्षा वाढवलेला वेग) असेल तर काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने तो समूळ पुसा, लॅपटॉपच्या कंपनीने दिलेली आवृत्ती घाला. तरी येतंय तर ओसीसीटी या प्रोग्रॅमची व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी लावा. थंड यंत्रावरही चुका निघाल्या तर मेमरी गेली, तिथे पेस्ट-धूळ काही नाही. डिव्हाइस मॅनेजरमधला कोड ४३ (कार्डाने दोष कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं) ड्रायव्हर स्वच्छ घातल्यावरही टिकला तर हार्डवेअरचीच शक्यता मोठी.

तापमान ६० आणि तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतोय? एचडब्ल्यूइन्फोमध्ये परफॉर्मन्स लिमिटच्या ओळी पाहा: थर्मल की पॉवर. पॉवर असेल तर चार्जर तपासा. कमी वॅटचा किंवा यंत्राने न ओळखलेला चार्जर कार्डाला उपाशी ठेवतो. बॅटरीवर गेम खेळून तक्रार करणाऱ्यांसाठी वेगळं व्याख्यान ठेवू.

उष्णतेच्या नळ्या बहुतेकदा प्रोसेसर आणि कार्ड दोघांना सामाईक असतात. प्रोसेसरची कमाल स्थिती विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ९९ टक्के केली की टर्बो थांबतो आणि बऱ्याच गेममध्ये कार्डाचं तापमानही खाली येतं. स्क्रू न उघडता, फुकटात. जमल्यास फ्रेमचा दरही बांधून ठेवा.

आणि टचपॅड वर उचलला गेलाय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय असं दिसलं तर यातली एकही चाचणी करू नका. बॅटरी फुगलेली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा, बॅटरीला टोचू-दाबू नका आणि ती बदलून घ्या. मग बसा फरमार्क लावून. प्रश्न घेऊ या. तुमचा हात बराच वेळ वर आहे, बोला.